पंक्चरची बदली

ज्या काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून सर्वत्र ख्यात होते, आणि सकाळी साडेदहाच्या सुमारास लकडी पुलावरून वाहणारा सायकलींचा लोंढा पुलाखालच्या मुठेतील पाण्यापेक्षा मोठा असे, त्या काळी माणसास कचेरीत अगर शाळेत उशिरा पोहोचण्याची जी मोजकी सन्मान्य कारणे उपलब्ध होती, त्यांत पंक्चरचा क्रमांक आजीच्या निधनाच्याही वर लागत असे. कारण आजी फार तर दोनदा वारू शकते, पंक्चर मात्र दर आठवड्यास बिनदिक्कत होऊ शकते, आणि त्याचा दाखला आणण्याचा हुकूम आजवर कोणत्याही मुख्याध्यापकाने अथवा हेडक्लार्कने काढल्याचे ऐकिवात नाही. माझ्या विद्यार्थिदशेतील अर्धीअधिक गैरहजेरी या एका शब्दाच्या खात्यावर जमा आहे. त्यामुळे हा शब्द जगातून हद्दपार करण्याचा घाट माझ्याच घरात, माझ्याच चिरंजीवांनी घातला, तेव्हा मला प्रथम ते कृतघ्नपणाचे वाटले, हे येथे नमूद करून ठेवतो.

पंक्चरविषयी मराठी भाषेची धारणा मोठी मार्मिक आहे. मराठीत पंक्चर दुरुस्त करीत नाहीत, बुजवीत नाहीत, सांधीतही नाहीत; पंक्चर 'काढतात'. पायातला काटा काढतात, लेकराची दृष्ट काढतात, झाडाने धरलेल्याचे भूत काढतात, आणि चाकातले पंक्चर काढतात. हे कर्म करणारा पुरुष झाडाखाली एक पेटी, एक पंप आणि पाण्याचे एक घमेले एवढ्या सामग्रीनिशी बसलेला असे, आणि त्याचा विधी एखाद्या फौजदारी पंचनाम्याइतका काटेकोर असे. प्रथम सायकल उताणी पाडावयाची. पट्ट्या घालून टायरची कड उचलावयाची. आतील ट्यूब आतड्याप्रमाणे बाहेर ओढून, तिच्यात हवा भरून, ती घमेल्यातील गढूळ पाण्यात इंच इंच पुढे सरकवावयाची. आणि जेथे बुडबुड्यांची माळ उठेल ती गुन्ह्याची जागा मुक्रर करून तेथे कॉपिंग पेन्सिलीची निळी खूण करावयाची. मग त्या जागी कानस घासणे, सोल्युशन लावणे, ते अर्धवट सुकेपर्यंत नगरपालिकेच्या कारभारावर चार शब्द बोलणे, ठिगळ चिकटवणे, त्यावर हातोडीचे हलके टोले देणे, आणि सरतेशेवटी वॉल्व्हवर ओले बोट ठेवून तेथे बुडबुडा धरत नाही याची खातरजमा करणे, हे सारे यथासांग झाले म्हणजे अर्ध्या तासाने मनुष्य पुन्हा स्वार होई. एवढ्यात अर्ध्या पेठेची बातमी त्याच्या पदरी पडलेली असे, ती निराळीच.

वास्तविक हवेच्या चाकाचा इतिहास हाच मुळी पंक्चरचा इतिहास आहे. स्कॉटलंडात जन्मलेल्या आणि बेलफास्ट येथे गुराढोरांची वैद्यकी करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीचा खडखडाट न सोसून तिच्या चाकांवर हवेच्या नळ्या गुंडाळल्या आणि १८८८ साली त्या युक्तीचे पेटंट घेतले. परंतु रॉबर्ट टॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थाने हीच कल्पना १८४५ सालीच सरकारदप्तरी नोंदवून ठेवलेली असल्याचे निष्पन्न होऊन डनलॉपसाहेबांचा हक्क बाद ठरला. म्हणजे जगातील पहिल्या नामांकित टायरची हवा काट्याने जाण्यापूर्वी कागदाने गेली. पुढे १८९१ साली फ्रान्सातील मिशलँ बंधूंनी रिमवरून सहज काढता-घालता येणारा टायर तयार केला. आणि तो किती झटपट उघडून पंक्चर काढता येते हे लोकांच्या मनावर ठसावे म्हणून, दुसऱ्याच वर्षी पॅरिसहून क्लेर्मों-फेराँपर्यंत भरवलेल्या शर्यतीच्या वाटेवर त्यांनी खिळे पेरून ठेवले होते, असे सांगतात. आमच्याकडे कोपऱ्यावरचा पंक्चरवाला पहाटे उठून पुढच्या वळणावर चुका टाकून येतो असा सार्वत्रिक प्रवाद आहे. हा प्रवाद निराधार असला तरी त्यास केवढी थोर परंपरा आहे, हे यावरून वाचकांच्या ध्यानी येईल.

आता मूळ हकीगतीकडे वळतो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी वैद्यांनी मला व्यायामाची आज्ञा केली, आणि चिरंजीवांनी त्या आज्ञेचा सोयीस्कर अर्थ लावून घरात एक माउंटन बाइक आणली. ती मजसाठी आहे असे मला सांगण्यात आले, व ती त्यांच्या उंचीची होती. तिच्यावर बसून वेताळ टेकडीवर जावयाचे असे ठरले. ही टेकडी पुण्यात सर्वांत उंच. माथ्यावर वेताळाचे देऊळ, खालच्या अंगास जुनी दगडाची खाण व तीत साचलेले पाणी, सकाळच्या प्रहरी मोरांचा आरव, आणि या सर्व रमणीयतेचा वसूल घेण्यासाठी जागोजाग नेमलेले काटे. बाभळीचा काटा लांब, सरळ आणि पांढरा. तो समोरून वार करतो आणि वार केल्याचे लपवीत नाही. बोरीचा काटा वाकडा; तो धरून ठेवतो. परंतु सर्वांत इरसाल तो सराटा. आयुर्वेदाने गोक्षुर म्हणून ज्याची थोरवी गायिली आहे, ते हे जमिनीसरपट पसरणारे विनम्र झुडूप आपल्या फळास अशा बेताने सुळे फोडते की, ते भूमीवर कसेही पडले तरी एक सुळा आकाशाकडे रोखलेला राहावा. पहिल्या महिन्यातील आठ फेऱ्यांत माझ्या ट्यूबमध्ये अकरा पंक्चरे झाली. आणि याखेरीज दगडावर चाक आदळून रिम व दगड यांच्या चिमटीत ट्यूब सापडल्यामुळे दोन वेळा जोडछिद्रे पडली, ज्यांस इंग्रजी बोलणारे सायकलस्वार सर्पदंश म्हणतात. तेव्हा चिरंजीवांनी जाहीर केले की, "बाबा, आता ट्यूबलेस करून टाकू. पंक्चर हा विषयच संपला."

या ट्यूबलेस व्यवस्थेस सरकारी मराठीत नलिकाविरहित म्हणता येईल, आणि ते म्हणताना माणसास धाप लागते, हा तिचा पहिला व्यायाम. मोटारगाड्यांना ती फार पूर्वीपासून परिचित होती. डोंगरी सायकलींच्या नशिबी ती रीतसर आली १९९९ साली, जेव्हा माविक या फ्रेंच कंपनीने मिशलँ आणि हचिन्सन यांच्या साहाय्याने तिचे एक प्रमाण ठरवून दिले. वाटेवर खिळे पेरल्याची कथा ज्या घराण्याविषयी सांगतात, त्याच घराण्याने एकशेसात वर्षांनी खिळ्यांची दहशत मिटवण्याच्या कामी हातभार लावावा, यास प्रायश्चित्त म्हणावे की धंद्याची वाढ, याचा निर्णय मी सुज्ञांवर सोपवतो. व्यवस्था अशी की, ट्यूब अजिबात नाही. टायरची कड रिमच्या कडेत हवाबंद बसते. रिमला आऱ्यांसाठी पाडलेली भोके चिकटपट्टीने मिटवलेली असतात. आणि पोटात सुमारे शंभर मिलिलिटर पांढरे द्रव खेळत असते. काटा शिरला की बाहेर धावणाऱ्या हवेबरोबर ते द्रव छिद्राकडे धावते, तेथे गोठते आणि छिद्र बुजवते. चिमटीत सापडावयास ट्यूबच नसल्यामुळे सर्पदंशाचे भय सरते, आणि म्हणून जेथे पूर्वी चाळीस पौंड हवा लागे तेथे पंचविसांवर भागते. चाक मऊ राहून दगडाधोंड्यांना धरून चालते. हे सर्व खरे आहे. मी त्याविरुद्ध फिर्याद गुदरण्यास येथे उभा नाही. माझी केवळ कैफियत आहे.

ते द्रव म्हणजे बव्हंशी रबराच्या झाडाचा चीक. रबराच्या झाडाने स्वतःच्या जखमा भरून काढण्यासाठी जो रस निर्माण केला, तोच मनुष्याने प्रथम टायर करण्यासाठी पळवला आणि नंतर त्या टायरच्या जखमा भरण्यासाठी त्याच्या पोटात परत नेऊन ओतला, हा न्याय मला मोठा भावला, आणि त्या भावनेच्या भरात मी घरी फोन करून सांगितले की, "अगं, चिरंजीवांनी अर्धा लिटर चीक आणला आहे, आम्ही येतोच." ज्या समाजात चीक या शब्दाचा पहिला अर्थ नुकत्याच व्यालेल्या गाईचे दूध, आणि त्याचे एकमेव विहित कर्तव्य म्हणजे खरवस, त्या समाजात हे वाक्य किती स्फोटक आहे याचा मला विसर पडला. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा गूळ किसलेला होता, वेलदोडे कुटलेले होते, कुकरमध्ये पाणी तापत होते, आणि शेजारच्या वहिनींना वाटीभर देण्याचे वचन गॅलरीतून जाऊन पोहोचलेले होते. चीक गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घातलेला असतो. बाटलीचे झाकण उघडताच त्याचा जो दर्प स्वयंपाकघरात पसरला, त्याने उलगडा तत्काळ झाला, परंतु समेट व्हावयास चार दिवस लागले. वहिनींना द्यावयाची वाटी आम्ही मिठाईवाल्याकडून आणलेल्या खरवसाने भरून दिली.

टायर रिमवर बसवण्याचा विधी त्या दिवशी रात्री नऊ वाजता सुरू झाला. हातपंपाने हवा जितकी आत जाई तितकीच कडेने बाहेर येई. हवा आत राहीपर्यंत कड बसत नाही, आणि कड बसेपर्यंत हवा आत राहत नाही, असा तो सरकारी कचेरीतील दोन टेबलांमधला पेच होता. साबणाचे पाणी झाले, दोर आवळून झाला, वॉल्व्हच्या आतील सुई काढून झाली. साडेदहा वाजता दोघेही घामाने व फेसाने माखून चाक घेऊन पेट्रोलपंपावर गेलो. तेथील हवा भरणाऱ्या मुलाने वॉल्व्हचे ते सडपातळ परदेशी तोंड पाहून प्रथम ते आपल्या कक्षेबाहेरचे असल्याचे सांगितले. मात्र चिरंजीवांनी खिशातून एक पितळी टोपी काढून त्यावर चढवताच तो राजी झाला. यंत्राची हवा एकदम घुसली आणि टायरची एक कड, पाठोपाठ दुसरी, अशा 'ठाप! ठाप!' करीत जागी बसल्या की, रांगेतील एका रिक्षावाल्याने उतरून आपले चौथे नसलेले चाकही तपासले. घरी आल्यावर चीक सर्वत्र पसरावा म्हणून चाक बादलीच्या तोंडावर आडवे निजवले, आणि रात्री दोनदा उठून त्याची कूस बदलली. असे जागरण मी चिरंजीवांच्या गोवरातही केल्याचे स्मरत नाही.

यानंतरचे चार महिने वैभवाचे गेले. काटे घुसत, क्षणभर फुसफुसत, एक पांढरा ठिपका टायरवर उमटे, आणि सर्व शांत होई. ट्यूबवाले स्वार झाडाखाली बसून ठिगळे चिकटवीत असता मी त्यांच्यावर जो अनुकंपेचा कटाक्ष टाकीत असे, तो आता आठवला की माझी मलाच शरम वाटते. चिरंजीवांचा एक स्थायी हुकूम होता की, काटा दिसला तरी उपटू नये. तोच बूच म्हणून उपयोगी पडतो. त्याप्रमाणे जो आला त्यास मी ठेवून घेत गेलो.

परंतु हळूहळू या राज्याची अंतर्गत व्यवस्था माझ्या लक्षात येऊ लागली. चीक अमर नसतो. तो दोन ते सहा महिन्यांत सुकतो. चैत्र-वैशाखात त्याहून लवकर. म्हणून दर रविवारी चाक कानाशी धरून, बाजारात नारळ हलवून पाहतात तसे हलवून, आत पाणी वाजते का पाहावयाचे; न वाजल्यास भर घालावयाची. सुकलेल्या चिकाच्या गोळ्या आत होतात, त्या काढावयाच्या. तोच चीक वॉल्व्हच्या सुईत बसून तिचा गळा धरतो, तो टाचणीने मोकळा करावयाचा. रिमवरची पट्टी सुटते, ती नव्याने ओढावयाची. कोणत्या चाकात किती चीक कधी घातला याचे एक दप्तर चिरंजीवांनी उघडून दिले, आणि ते भरण्याची वहिवाट माझ्याकडे आली. पूर्वीचे पंक्चर अवचित, रस्त्यावर, अर्ध्या तासासाठी येई आणि जाई. आताचे पंक्चर येत नव्हते. परंतु ते येऊ नये म्हणून मी आठवड्याला दोन तास त्याच्या सेवेत रुजू होतो. तेव्हा मला कळून चुकले की, पंक्चर बडतर्फ झालेले नाही. त्याची नुसती बदली झाली आहे, रस्त्यावरून घरात. आणि घरच्या कामास, सर्वांस ठाऊकच आहे, रजा नसते.

कार्तिकातील एका सकाळी टेकडीवरच्या खाणीजवळ एका धारदार दगडाने मागील टायरची बाजू अंगठ्याच्या पेराएवढी चिरली. चिकाचे शौर्य काट्याच्या छिद्रापुरते. येथे पांढऱ्या द्रवाचे कारंजे उडून माझ्या पाठीवर, एका प्रभातफेरीस निघालेल्या निवृत्त गृहस्थांच्या काळ्या कुत्र्यावर आणि काही अंशी त्या गृहस्थांवर अभिषेक झाला. अशा प्रसंगी चिरेत घालावयाच्या चिकट दोऱ्या माझ्याजवळ होत्या. दाभणासारख्या हत्याराने मी त्या एकामागून एक कोंबल्या, आणि टायरने त्या एकामागून एक परत केल्या. शेवटी चिरंजीवांनी पिशवीच्या तळाशी 'असू दे' म्हणून ठेवलेली एक ट्यूब मी बाहेर काढली, चिरेच्या आतून वेफर्सच्या रिकाम्या पुडीची घडी लावली, ट्यूब घातली, छोट्या पंपाने दोनशे दट्टे मारून हवा भरली, आणि विजयी मुद्रेने स्वार झालो. शंभर पावलांवर चाक पुन्हा भुईसपाट झाले.

वेताळाच्या टेकडीवरून खांद्यावर निर्जीव ओझे घेऊन मुकाट चालण्याची रीत विक्रम राजाने घालून दिलेली आहे. मीही सायकल खांद्यावर घेतली आणि लॉ कॉलेज रस्त्याच्या दिशेने उतरू लागलो. माझ्या ओझ्याने मला एकच प्रश्न विचारला. तो असा की, नवी कोरी ट्यूब शंभर पावलांत का गेली? मला उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून ओझे खांद्यावरच राहिले.

उत्तर खाली, झाडाखाली मिळाले. पंक्चरवाल्याने सायकल उताणी पाडली, टायर उघडला, आत हात घातला, ट्यूब बाहेर ओढली, आणि माझ्याकडे पाहून विचारले, "साहेब, ट्यूबलेस म्हणालात ना? मग ही ट्यूब कोणाची?" मी सर्व हकीगत निवेदन केली. त्याने पितळी टोपी लावून ट्यूबमध्ये हवा भरली व ती घमेल्यात बुडवली. पाण्याला जणू आधण आले. मग त्याने एक सुती फडके घेऊन ते टायरच्या आतून सावकाश फिरवले. जेथे फडके अडे तेथे थांबून तो चिमट्याने काही उपटी आणि सोल्युशनच्या डबीच्या झाकणावर मांडी. चार महिने ज्यांना मी ठेवून घेतले होते, ज्यांच्या तोंडावर चीक बसल्यामुळे ज्यांचे अस्तित्व मी विसरून गेलो होतो, ते सर्व मुद्देमाल होऊन तेथे ओळीने उभे राहिले: बाभळीचे नऊ, सराट्याचे सुळे सात, आणि एक काचेचा कण. ट्यूब नव्हती तोवर ते निरुपद्रवी रहिवासी होते. ट्यूब आत जाताच प्रत्येकास आपापले जन्मकर्तव्य आठवले.

"सतरा," तो म्हणाला. "ह्या बारीक वॉल्व्हची ट्यूब माझ्याकडे नाही. सगळी काढायची का?"

"काढा," मी म्हणालो.

मग दीड तास मी त्या झाडाखाली दगडावर बसलो. कानस घासली गेली, सोल्युशन सुकत राहिले, निळ्या खुणा पडत गेल्या. टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित रस्त्याबद्दल, पाण्याच्या टाक्यांबद्दल, त्याच्या धाकट्या मुलीच्या दहावीबद्दल आणि माझ्या गुडघ्यांबद्दल बोलणे झाले. चहा दोनदा आला. गेल्या चार महिन्यांत, म्हणजे पंक्चर हा विषय संपल्यापासून, मी रस्त्यावर कोणाशीही इतका वेळ बोललो नव्हतो. हिशेबाच्या वेळी त्याने पंधरांचेच पैसे घेतले, दोन सोडले. कचेरीत तीन तास उशिरा पोहोचून मी खरे कारण सांगितले, आणि तेथील एका तरुण अधिकाऱ्याने, "ट्यूबलेसला पंक्चर होत नाही, सर," असे म्हणून माझी रजा मांडली.

तेव्हा नलिकाविरहित चाकाच्या तमाम स्वारांस माझी नम्र विनंती अशी की, चिकाची तारीख पाहावी, पण पिशवीत एक ट्यूब निरंतर बाळगावी. आणि ती घालण्यापूर्वी टायरच्या आतून एकदा फडके फिरवावे. बोट फिरवू नये. ते मी दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकात फिरवून पाहिले असून, हा लेख डाव्या हाताने लिहिला आहे.